बर्फावांचून घसरण

व्हिएन्ना शहरांतील नॉर्डवेस्टबानहोफ या रेल्वेस्थानकांतून १९२४ सालीं उतारूंची ये-जा थांबली. त्याच्या ओस पडलेल्या भव्य दालनांत १९२७ च्या नोव्हेंबरांत ‘हिमप्रासाद’ उघडला. लांकडी उतारावर आयस्कफ नांवाच्या इंग्रजानें सिद्ध केलेलें, मुख्यतः सोड्याचें, कृत्रिम बर्फ पसरलें होतें. उद्घाटनाच्याच दिवशीं नगराध्यक्ष कार्ल झाइट्झ यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सुदैवानें ते बचावले. हिमप्रासाद मात्र बचावला नाहीं! तें पांढरें पीठ लवकरच मळलें, आणि पुढील वर्षीं दारें मिटलीं.

पूर्व जर्मनींतील ओबरहोफ येथें १९५४ सालीं हान्स रेनर यांनीं बर्फाची नक्कलच सोडून दिली. त्यांनीं उड्यांच्या उतारावर प्लॅस्टिकच्या तंतूंच्या चटया, शाकारलेल्या छपराप्रमाणें एकीवर एक चढवून, अंथरल्या. त्यांवर पाणी शिंपडीत राहावें लागतें. त्या सुकल्या, कीं स्की अडखळते.