आधी जीव, मग कागद

नागरिकशास्त्राच्या तासाला कलम २१ मी कित्येक वर्षे शिकवले. जीविताचा हक्क! मुले पाठ करत, मार्क मिळवत. पण हा हक्क दवाखान्याच्या दारापर्यंत कसा पोचला, ते आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते.

एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. कुणा भल्या माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. तिथले डॉक्टर म्हणाले, पोलीस केस घ्यायचा आम्हाला अधिकार नाही, २० किलोमीटरवरच्या रुग्णालयात न्या. तो वाटेतच गेला. यावरून उभ्या राहिलेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये बजावले की, आधी जीव वाचवा, कागद मागाहून. सरकारी असो वा खाजगी, हे प्रत्येक डॉक्टरला लागू.

छान झाले. पण खेड्याचे काय?

८ जुलै १९९२. बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनवर शेतमजूर संघटनेचा एक सभासद गाडीतून पडला. डोक्याला जबर मार. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राने त्याला हाकलले नाही हो, पण त्यांच्याकडे साधनेच नव्हती. पुढे पाठवले. मग कलकत्त्यात एकामागून एक सरकारी रुग्णालये... कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खाजगीत दाखल केले, खर्च सुमारे १७ हजार. १९९६ मध्ये न्यायालयाने २५ हजारांची भरपाई दिली आणि 'पैसे नाहीत' ही सबब सरकारला चालणार नाही असे सुनावले. मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे: रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याइतकी सोय प्राथमिक केंद्रातच हवी, आणि तिथून हलवायला रुग्णवाहिका हवी.

२०१० च्या केंद्रीय कायद्याने ही नोंदणीचीच अट केली. तातडीच्या रुग्णाला स्थिर करायचे, पण 'उपलब्ध कर्मचारी व सोयींच्या मर्यादेत'! शहरात हे शब्द कुणाला खटकणार नाहीत. जिथे रात्री एकटी नर्स असते, तिथे मात्र या शब्दांत सगळी अट बुडून जाते. (महाराष्ट्राने तो कायदा घेतलाच नाही. आपल्याकडे नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली.)

असो. रुग्णवाहिकेचे म्हणाल, तर १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. त्या निकालानंतर १८ वर्षांनी.