जादूशक्तीचे संतुलन (भूमिकाखेळ)

जादूशक्तीचे संतुलन हा मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांच्या, म्हणजेच रोल-प्लेइंग गेमच्या, नियमरचनेतील एक जुना प्रश्न आहे. जादूगाराला मोकळे सोडल्यास योद्धा किंवा चोर खेळणाऱ्यांना करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून प्रत्येक मंत्राला किंमत ठरवली जाते.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या खेळात मंत्र आधी स्मरणात साठवावा लागे आणि वापरताच तो विसरला जाई. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकावरून घेतलेली आहे. मराठी वाचकाला ती महाभारतामुळे परकी वाटू नये: कर्णाची वासवी शक्ती एकदाच वापरता येण्याजोगी होती, ती घटोत्कचावर खर्च झाली आणि अर्जुन वाचला. 'कॉल ऑफ कथुल्हू' (१९८१) मध्ये किंमत पात्राच्या मानसिक स्वास्थ्यातून वसूल होते.

रोजच्या मर्यादेत एक पळवाट आहे. विश्रांतीनंतर मंत्र परत मिळत असल्याने खेळाडू प्रत्येक चकमकीनंतर झोपू लागले, की मर्यादा कागदावरच राहते. यावरचा उपाय नियमपुस्तकापेक्षा खेळ चालवणाऱ्याच्या हाती अधिक असतो. बंदिवानाला पहाटे फाशी होणार असेल, तर कोणी झोपत नाही.

चौथ्या आवृत्तीत (२००८) सर्व पात्रांच्या शक्ती एकाच साच्यात बसवल्या गेल्या. त्यामुळे जादूचे वेगळेपण हरवल्याची टीका झाली. पाचव्या आवृत्तीत (२०१४) एकाग्रतेचा नियम आला. एकाग्रता लागणारा मंत्र एका वेळी एकच चालू ठेवता येतो आणि जादूगाराला इजा झाल्यास तो तुटू शकतो. साहजिकच त्याच्या रक्षणाला योद्धा लागतो.