आजोबांचा जुना चाकू गंजलाय? फेकू नका; असा करा पुन्हा कामाचा

भंडारा : तलावांच्या या जिल्ह्यात अनेक घरांत आजोबांच्या काळातला जाड पात्याचा चाकू माळ्यावर पडलेला सापडतो. कधी तो शिकारीला आणि मासे कापायला, दोन्हीला वापरला जायचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, पण मासेमारीसाठी तो आजही कामाचा आहे. मात्र घाईत ग्राइंडरवर धरला तर तो कायमचा खराब होऊ शकतो.

आधी मूठ बघा
मूठ सांबर किंवा चितळाच्या शिंगाची असेल तर चाकू विकू नका, कोणाला देऊ नका. वन्यप्राण्यांचे अवयव बाळगण्यावर कायद्याची बंधनं आहेत. वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. नवी मूठ बसवायला जंगलातून गळालेलं शिंग उचलून आणू नका. शिसव किंवा बाभळीचं लाकूड आणि पितळी किंवा तांब्याचे खिळे उत्तम.

गंज कसा काढायचा?
पात्याला थोडं तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी राख किंवा बारीक पॉलिश पेपरनं एकाच दिशेनं घासा. गंज जुना असेल तर फक्त पातं व्हिनेगरमध्ये बुडवा, मूठ ओली होऊ देऊ नका. दर अर्ध्या तासानं बघत राहा, कारण जास्त वेळ ठेवलं तर चांगलं लोखंडही खाल्लं जातं. मग सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करा. गंज गेल्यावर राहणारी काळपट झाक घासून काढायची गरज नाही.

धार लावताना मोठी चूक
जुन्या पात्याला लोहारानं 'पाणी' दिलेलं असतं, त्यामुळेच धार टिकते. ग्राइंडरवर पातं तापून निळं पडलं की तिथलं पाणी उतरलं समजा. मग कितीही पाजवा, धार दोन दिवसांत जाते. म्हणून दगडावर हातानंच पाजवा.

1. दगड ओला करा. आधी खरखरीत, नंतर गुळगुळीत बाजू वापरा.
2. पातं दगडाला साधारण 20 अंशांत टेकवा. उभं पातं निम्मं झुकवलं की 45 अंश, पुन्हा निम्मं झुकवलं की जवळपास तेवढाच कोन होतो.
3. एका बाजूनं घासताना दुसऱ्या बाजूला खरखरीत कोर लागली की बाजू बदला.
4. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर धार मागे ठेवून हलकेच ओढा. पेपर सरळ कापला गेला तर धार झाली.

मुठीला जवसाचं तेल चोळा. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या पसरून वाळवा.

वापरताना
खवले धारेनं नाही, पात्याच्या पाठीनं काढा. रोहू, कतला साफ करताना शेपटीकडच्या छिद्रापासून डोक्याकडे उथळ चीर द्या. खोल गेलं तर पित्त फुटून मासा कडू होतो. डोंग्यात चाकू म्यानात आणि दोरीनं बांधलेला ठेवा. नायलॉनच्या जाळ्यात पाय अडकला तर हाच चाकू जीव वाचवतो, म्हणून तो एका हातानं काढता येईल असा असावा. काम झालं की धुवा, पुसा, खायच्या तेलाचा हात फिरवा. म्यान कातडी असेल तर चाकू त्यात कायम ठेवू नका, ओल धरून गंज चढतो.

हात कापला तर जखम साबण-पाण्यानं धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

कायदा काय म्हणतो?
9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र नियमांत मोडतात. घरकाम आणि शेतीसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. तरी बाजार, जत्रा, सभा अशा ठिकाणी चाकू कमरेला लावून जाऊ नका. शस्त्रबंदीचा आदेश असेल तर गुन्हा दाखल होऊ शकतो. कोका किंवा नागझिरा अभयारण्याच्या हद्दीतही तो नेऊ नका. तलावावर जाताना गुंडाळून पिशवीत न्या, काम झालं की घरी आणा.