रस्ता कोणाला विचारून?

वाट बांधून देणे हे आपल्याकडे फार पूर्वीपासून पुण्याचे काम मानले गेले आहे. विहीर खणावी, झाड लावावे, वाटसरूसाठी धर्मशाळा उभारावी आणि त्याच पंक्तीला रस्ता बांधावा. परंतु हाच रस्ता एखाद्याच्या माजघरातून जाऊ लागला म्हणजे पुण्याचा हिशेब अवघड होतो. कोणाच्या सोयीसाठी कोणाचे घर पाडावयाचे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा? अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या सामान्य रहिवाशांनी हा प्रश्न आपल्या सरकारला विचारला, आणि उत्तर मिळेपर्यंत ते गप्प बसले नाहीत.

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने बॉस्टन परिसरासाठी महामार्गांचा एक बृहद् आराखडा १९४८ साली तयार केला. त्याचे स्वरूप समजण्यासाठी बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणावे. बाहेरगावाहून येणारे महामार्ग म्हणजे चाकाचे आरे. आणि हे आरे एकत्र जोडण्यासाठी शहराच्या मध्यभागाभोवती एक कडे. या कड्याचे नाव ‘इनर बेल्ट’. कागदावर आकृती मोठी सुबक दिसत होती. प्रत्यक्षात ते कडे रॉक्सबरी, ब्रुकलाइन, केंब्रिज, सॉमरव्हिल या दाट वस्तीच्या भागांतून जाणार होते. केंब्रिजमध्ये तर त्याच्या वाटेवर कामगारांची घरे होती.

पुढे १९५६ साली केंद्र सरकारने आंतरराज्य महामार्गांचा कायदा केला, आणि खर्चातील ९० टक्के वाटा स्वतः उचलण्याचे मान्य केले. राज्याने एक डॉलर काढावा, केंद्राने नऊ घालावेत! मात्र हा पैसा महामार्गाखेरीज दुसऱ्या कशालाही वापरता येत नव्हता. महामार्ग नको म्हणणे म्हणजे दाराशी आलेली लक्ष्मी परत पाठविणे. मग खाते कशाला नको म्हणते?

या लक्ष्मीची पावले कशी पडतात हे बॉस्टनने पाहिले होते. शहराच्या मध्यातून उंच खांबांवर नेलेला ‘सेंट्रल आर्टरी’ नावाचा रस्ता १९५० च्या दशकात झाला, आणि त्यापायी हजारो लोकांना घरेदारे सोडावी लागली. फ्रेड साल्वुची हा तरुण अभियंता बॉस्टनच्या नगरपालिकेत नोकरीला होता. त्याच्या वृद्ध आजीचे घर दुसऱ्या एका महामार्गासाठी सरकारने घेतले होते. रस्ते बांधण्याचे शास्त्र शिकलेला हा मुलगा रस्त्यांच्या विरोधकांना जाऊन मिळाला. पुढे हाच साल्वुची राज्याचा परिवहनमंत्री झाला, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

विरोधकांची पहिली अडचण अशी होती, की आराखड्याची भाषाच त्यांना येत नव्हती. नकाशे, वाहनांच्या संख्या, वीस वर्षांनंतरचे अंदाज यांपुढे गृहिणीने किंवा गिरणीतल्या कामगाराने काय बोलावे? तेथे विद्यापीठांतील काही तरुण नियोजनकार मदतीला धावले. १९६६ च्या सुमारास त्यांनी एक संस्था काढली आणि वस्तीतल्या लोकांना खात्याचे कागद उलगडून दाखविण्यास सुरुवात केली. तज्ज्ञाला तज्ज्ञ भेटला, तेव्हा खात्याचा दरारा ओसरू लागला. ‘इतकी वाहने येणार, म्हणून रस्ता हवा’ असे खाते म्हणे. ‘रस्ता केलात म्हणून तर इतकी वाहने येतील’ असे उलट उत्तर मिळू लागले.

हळूहळू एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक एका पंक्तीला बसले. रॉक्सबरीतील कृष्णवर्णीय, केंब्रिजमधील गोरे कामगार, महाविद्यालयांतील प्राध्यापक, आणि उपनगरांतील पाणथळ रानांची काळजी वाहणारे सुखवस्तू गृहस्थ. २५ जानेवारी १९६९ रोजी राज्याच्या विधानभवनासमोर त्यांचा मोठा मेळावा भरला. ‘आधी माणसे, मग महामार्ग’ हे त्यांचे घोषवाक्य होते.

योगायोग असा, की अवघ्या तीन दिवसांपूर्वी गव्हर्नरच्या खुर्चीवर नवा माणूस बसला होता. फ्रान्सिस सार्जंट हे त्यांचे नाव. हे गृहस्थ पूर्वी त्याच बांधकाम खात्याचे प्रमुख होते! त्यांच्याकडून आशा ती काय धरावी? परंतु सार्जंट यांनी आधी ऐकून घेतले, मग चौकशी नेमली. आणि ११ फेब्रुवारी १९७० रोजी दूरचित्रवाणीवरून त्यांनी जाहीर केले, की शहराभोवतीच्या हमरस्त्याच्या आतील बहुतेक महामार्गांचे काम थांबविण्यात येत आहे. महामार्ग हाच एकमेव उपाय असे आपण सारे मानीत होतो, पण ते चुकले, अशी कबुलीही त्यांनी दिली. सत्ताधाऱ्याच्या तोंडून असे शब्द वरचेवर ऐकू येत नाहीत.

नुसते थांबविणे सोपे असते. खरी परीक्षा पुढे होती. संपूर्ण आराखड्याची फेरतपासणी करण्याचे काम राजकारणशास्त्राचे प्राध्यापक अॅलन आल्टशुलर यांच्याकडे आले. सुमारे दीड वर्ष चाललेल्या या तपासणीत गावांचे प्रतिनिधी, सरकारी खाती आणि नागरिकांच्या संघटना एकाच मेजाभोवती बसल्या. कागदपत्रे खुली राहिली, आणि नागरिकांनाही तज्ज्ञांची मदत मिळाली. वाद झाले, कंटाळवाण्या बैठकी झाल्या. पण निर्णय बंद दाराआड झाला नाही. १९७२ च्या नोव्हेंबरअखेर सार्जंट यांनी इनर बेल्ट आणि नैर्ऋत्येकडील महामार्ग कायमचे रद्द केले. १९७३ साली केंद्राचा कायदाही बदलला, आणि सोडून दिलेल्या महामार्गाचा पैसा आगगाडी-बसकडे वळविण्याची मुभा मिळाली.

नैर्ऋत्य महामार्गाच्या जागेवर घरे आधीच पाडली गेली होती. त्या ओसाड पट्ट्यातून ४ मे १९८७ रोजी ‘ऑरेंज लाइन’ ही शहरी आगगाडी धावू लागली. बाजूने सुमारे पावणेपाच मैलांचे उद्यान झाले. आज तेथे मुले खेळतात, लोक सायकली चालवितात, भाज्यांचे वाफे लावतात.

येथे गोष्ट संपविली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. नवी गाडी सुरू होण्याआधी वॉशिंग्टन रस्त्यावरची जुनी, खांबांवरून धावणारी गाडी बंद करण्यात आली. ती रॉक्सबरीच्या ऐन मध्यातून, गरिबांच्या दारावरून जात असे. तिच्या मोबदल्यात तितकीच चांगली सोय देऊ, असे आश्वासन होते. २००२ साली तेथे आली ती बस. महामार्ग अडविण्यात जे आघाडीवर होते, त्यांच्याच दारची आगगाडी गेली. आणि ज्यांची घरे आधीच पाडली होती, त्यांना रद्द झालेल्या महामार्गाने ती परत दिली नाहीत.

म्हणून या इतिहासाचा अर्थ ‘लोक जिंकले’ एवढाच नाही. आजच्या अमेरिकेत मोठ्या शहरांच्या प्रादेशिक नियोजन मंडळांना आपले आराखडे व खर्चाच्या याद्या लोकांपुढे मांडाव्याच लागतात, आणि केंद्र सरकार दर चार वर्षांनी त्यांची तपासणी करते. नियम चांगले आहेत. पण याद्या कोणी वाचल्याच नाहीत, बैठकीच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर नियम काय करतील? बॉस्टनमध्ये १९७२ साली जागे असलेले डोळे १९८७ पर्यंत सारखेच उघडे राहिले असते, तर रॉक्सबरीच्या वाट्याला कदाचित बसहून अधिक काही आले असते. मोर्चा एका दिवसाचा असतो. पण दिलेल्या शब्दाचा हिशेब मागावयास पंधरा-पंधरा वर्षे चिकाटी धरावी लागते. लोकांनी रस्ता अडविला हे खरेच. परंतु त्यांची खरी कमाई अशी, की रस्ता आखणाऱ्याला आधी त्यांच्या दारात येऊन विचारावे लागले.