अंजली मेंडिस

अंजली मेंडिस (मूळ नाव: फिलिस मेंडिस, २९ जानेवारी १९४६ – १७ जून २०१०) या पॅरिसच्या फॅशनविश्वात नावलौकिक मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय मॉडेल म्हणून ओळखल्या जातात. फ्रेंच वस्त्ररचनाकार पिएर कार्दां यांच्यासाठी त्यांनी सुमारे बारा वर्षे मॉडेल म्हणून काम केले.

प्रारंभिक जीवन

मेंडिस यांचा जन्म मुंबईत एका गोवेकर ख्रिस्ती कुटुंबात झाला. ‘फिलिस’ हे जन्मनाव मागे ठेवून त्यांनी ‘अंजली’ हे नाव धारण केले. परदेशात जाणारे लोक बहुधा तेथील जिभेला सोपे पडेल असे नाव घेतात. येथे नेमके उलट घडले. पाश्चात्त्य वळणाच्या नावाऐवजी भारतीय नावानेच त्या पॅरिसला परिचित झाल्या.

कारकीर्द

१९७१ मध्ये पॅरिस येथे मेंडिस यांची कार्दां यांच्याशी गाठ पडली आणि त्या त्यांच्या प्रमुख मॉडेलपैकी एक झाल्या. इमानुएल उंगारो, जिव्हांशी व जाँ-लुई शेरेर यांच्यासाठीही त्यांनी काम केले.

पॅरिसमधील उच्चभ्रू वस्त्रगृहांचे नवे संग्रह वर्षातून दोनदा सादर होत. त्याआधी कित्येक दिवस कापड मॉडेलच्या अंगावरच टाचून, कापून, पुन्हा टाचून पोशाखाला आकार दिला जाई. तासन्‌तास निश्चल उभे राहणे हा या व्यवसायाचा न दिसणारा भाग होय. रचनाकाराची कल्पना आणि मॉडेलची देहयष्टी, चाल व वर्ण यांचा मेळ याच वेळी बसे. एकाच वस्त्रगृहाशी इतका दीर्घ काळ जोडले जाणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

मेंडिस यांना ‘पॅरिसमधील पहिल्या आशियाई मॉडेल’ म्हणणे मात्र योग्य नाही. हिरोको मात्सुमोतो ही जपानी मॉडेल १९६० पासूनच कार्दां यांच्याकडे काम करीत होती.

वर्ण आणि फॅशनविश्व

मेंडिस यांचा वर्ण सावळा होता. त्यांची कारकीर्द ज्या काळात घडली, त्याच काळात पाश्चात्त्य फॅशनविश्वाची वर्णविषयक बंधने सैल होऊ लागली होती. कृष्णवर्णीय अमेरिकन मॉडेल डोनियेल लूना मार्च १९६६ मध्ये ‘व्होग’च्या ब्रिटिश आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आली. मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीला मात्र तसे मुखपृष्ठ छापण्यास ऑगस्ट १९७४ उजाडला. त्यावर बेव्हर्ली जॉन्सन होती. दरम्यान २८ नोव्हेंबर १९७३ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन रचनाकारांचे संयुक्त प्रदर्शन झाले. कार्दां, उंगारो आणि जिव्हांशी हे तिघेही फ्रेंच बाजूस होते. अमेरिकन संघातील पॅट क्लीव्हलँड, बेथअ‍ॅन हार्डिसन आदी कृष्णवर्णीय मॉडेलनी त्या रात्री प्रेक्षकांना जिंकले.

भारतात याच सुमारास वेगळे चित्र होते. गोरेपणाचे आश्वासन देणारे ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम १९७५ मध्ये बाजारात आले आणि घरोघर पोहोचले. विवाहविषयक जाहिरातींतून ‘गोरी’ हे विशेषण आजही पुरते गेलेले नाही. त्या क्रीमच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द वगळला गेला तो २०२० मध्ये. पॅरिसने जो वर्ण दिमाखात मिरवला, त्याच वर्णाच्या मुलींना मायदेशी तो उजळण्याचे उपाय सुचविले जात होते, ही विसंगती मेंडिस यांच्या कारकिर्दीचा विचार करताना नजरेआड करता येत नाही.

मेंडिस यांच्यानंतर जवळपास तीन दशकांनी, मुंबईच्याच मराठीभाषक उज्ज्वला राऊत यांनी ईव्ह सँ लोराँसारख्या वस्त्रगृहांसाठी काम करून आंतरराष्ट्रीय ख्याती मिळविली.

उत्तरायुष्य

मॉडेलिंगमधून निवृत्त झाल्यावरही कार्दां यांच्याशी मेंडिस यांचा व्यावसायिक संबंध टिकून राहिला. पुढे दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात त्यांनी वास्तव्य केले. मातेकडून कन्येकडे आलेली भारतीय पाककला, अशा आशयाच्या शीर्षकाचे त्यांचे फ्रेंच पुस्तक प्रसिद्ध आहे. १७ जून २०१० रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, एक्स-आं-प्रोव्हान्स येथे त्यांचे निधन झाले.