गावात किती जणांच्या अंगात कोरोनाच्या प्रतिपिंडं? डिचोली, दोडामार्ग, खानापूर सर्वेक्षणाबाहेरच

डिचोली : ‘गावात सगळ्यांना होऊन गेला, आता काय होत नाही.’ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर हे वाक्य सीमेच्या अल्याड-पल्याड सर्रास ऐकू यायचं. त्याला आधार दिला जायचा तो सेरो सर्वेक्षणाचा. देशातल्या ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, हा आकडा खराच. पण तो डिचोलीचा नव्हता, दोडामार्गचा नव्हता आणि खानापूरचाही नव्हता.

सेरो सर्वेक्षण म्हणजे काय?

विषाणू शरीरात शिरला की त्याच्याशी लढायला रक्तात प्रथिनं तयार होतात. तीच प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज. नाकातल्या स्वॅबची चाचणी आज संसर्ग आहे का ते सांगते, तर रक्ताची चाचणी तो आधी होऊन गेला का ते सांगते. त्रास न होता संसर्ग होऊन गेलेली माणसंही यात सापडतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २१ राज्यांतले ७० जिल्हे निवडून चार फेऱ्या केल्या. दर जिल्ह्यात दहा गावं किंवा वॉर्ड आणि साधारण ४०० माणसं, असा हिशेब होता. पहिल्या फेरीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विकसित केलेली ‘कोविड कवच’ चाचणी वापरली गेली.

खेड्यांचा आकडा कसा चढला?

- मे-जून २०२० : देशात प्रौढांमध्ये ०.७३ टक्के
- ऑगस्ट-सप्टेंबर २०२० : देशात ६.६ टक्के. शहरी झोपडपट्टीत १५.६, खेड्यांत ४.४
- डिसेंबर २०२०-जानेवारी २०२१ : प्रौढांमध्ये २१.४ टक्के, खेड्यांत १९.१
- जून-जुलै २०२१ : देशात ६७.६ टक्के. शहरांत ६९.६, खेड्यांत ६६.७

म्हणजे पहिल्या वर्षी खेडी बरीच मागे होती. दुसऱ्या लाटेनंतर गाव आणि शहर यांत जेमतेम तीन टक्क्यांचा फरक उरला. शेवटच्या आकड्यात लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडंही धरलेली आहेत. एकही डोस न घेतलेल्यांत हे प्रमाण ६२.३ टक्के, तर दोन डोस घेतलेल्यांत ८९.८ टक्के होतं. ६ ते ९ वयाच्या मुलांतही ५७.२ टक्के सापडलं, आणि मुलांसाठी तेव्हा लस आलीच नव्हती.

आपला भाग कुठे?

त्या २१ राज्यांत गोवा नव्हता. महाराष्ट्रातून सांगली, बीड, परभणी, नांदेड, जळगाव आणि अहमदनगर हे सहा जिल्हे घेतले, त्यात सिंधुदुर्ग नाही. कर्नाटकातून बंगळुरू शहर, चित्रदुर्ग आणि कलबुर्गी घेतले, त्यात बेळगाव नाही. दोडामार्गचा माणूस कामाला डिचोली-म्हापशाला आणि उपचाराला बांबोळीला येतो. पण तीन राज्यं जिथे भिडतात, तो पट्टाच या यादीतून सुटला.

शेजारचा आकडा उचलून इथे लावता येत नाही. चौथ्या फेरीत महाराष्ट्रात ५८ टक्के, कर्नाटकात ६९.८, मध्य प्रदेशात ७९ आणि केरळात ४४.४ टक्के प्रमाण निघालं. २०२०च्या जून ते ऑगस्टमध्ये कर्नाटकात झालेल्या एका स्वतंत्र अभ्यासात तर खेड्यांत ४४.१ टक्के आलं होतं. राज्य, महिना, चाचणी बदलली की आकडाही बदलतो. म्हणूनच जुलै २०२१ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना आपापली सर्वेक्षणं करायला सांगितलं.

सर्दीवाले कोरोना वेगळे

कोरोना कुळातले चार विषाणू माणसात आधीपासून आहेत : २२९-ई, ओसी-४३, एनएल-६३ आणि एचकेयू-१. त्यांनी साधी सर्दी होते आणि बहुतेकांना ते लहानपणीच गाठतात. त्यांची प्रतिपिंडं जवळपास सगळ्यांच्याच अंगात असतात, पण म्हणून कोविडपासून संरक्षण मिळालं असं होत नाही. शिवाय हे विषाणू त्याच माणसाला पुन्हा पुन्हा गाठतात, म्हणजे एकदा तयार झालेलं संरक्षण कायम टिकत नाही.

रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला तर?

खाजगी लॅबमध्ये पैसे भरून अँटिबॉडी तपासणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोविशील्ड घेतलेल्याच्या अंगात विषाणूच्या फक्त काट्यांविरुद्धची प्रतिपिंडं तयार होतात, तर कोवॅक्सिन पूर्ण निष्क्रिय विषाणूपासून बनलेली असल्याने आतल्या भागाविरुद्धचीही होतात. त्यामुळे कुठली चाचणी केली हे पाहिल्याशिवाय ‘होऊन गेला’ की ‘लसीमुळे आलं’ ते कळत नाही. काही महिन्यांनी प्रतिपिंडं कमी होतात, पण म्हणून सगळं संरक्षण गेलं असंही नाही, कारण शरीराच्या इतर पेशीही ओळख ठेवतात.

६७.६ टक्क्यांची दुसरी बाजू म्हणजे तेव्हा देशात सुमारे ४० कोटी लोकांच्या अंगात प्रतिपिंडं नव्हती. सरासरी देशाची असते. आपल्या वाड्यावरची म्हातारी माणसं त्यातल्या कुठल्या बाजूला आहेत, ते तो आकडा सांगत नाही. लसीचा निर्णय त्यामुळे आकड्यावर नव्हे, तर वय, आजार आणि जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचा सल्ला पाहूनच घ्यावा.