नकलेची वंशावळ : ताजमधला ट्रम्पेट ते शिरवण्याच्या हळदीतला बेंजो

१/
नवी मुंबईतील शिरवणे हे जुने आगरी गाव. आज जुईनगर आणि नेरूळच्या इमारतींनी ते वेढलेले आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. शेती गेली, गावठाण उरले आणि गावठाणातले सणसमारंभही उरले. या पट्ट्यात लग्नाआधीची हळदीची रात्र बेंजोशिवाय क्वचितच पार पडते.

२/
बेंजो पार्टी वाजवते ती बहुतेक सारी दुसऱ्यांची गाणी : हिंदी आणि मराठी चित्रपटगीते, गाजलेली कोळीगीते. म्हणून तिच्यावर एक जुना आक्षेप घेतला जातो की, ही निव्वळ नक्कल आहे. प्रश्न रास्त आहे. ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याइतका आनंद अनुकरण करणारा वाद्यवृंद देऊ शकतो काय? उत्तरासाठी एका चालीचा माग उलट दिशेने काढावा लागेल.

३/
‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील चाली मुंबई परिसरातील मिरवणुकांत आजही वाजतात. गिरणी कामगाराचा मुलगा असलेले भगवान पालव, म्हणजेच मास्टर भगवान, या चित्रपटाचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक होते. गणपतीपुढे नाचणाऱ्या कित्येकांच्या पायांत त्यांचीच सैल, डुलती चाल असते. संगीत होते सी. रामचंद्र यांचे. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे हे रामचंद्र चितळकर.

४/
रामचंद्रांचे शिक्षण शास्त्रीय गायनाचे, तरी ‘अलबेला’त पाश्चात्त्य नृत्यसंगीताची लय ठसठशीतपणे ऐकू येते. तिच्यामागे एक गोमंतकीय ट्रम्पेटवादक होता : हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध. एका गाण्यात ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात.

५/
चिक चॉकलेट यांची ख्याती होती ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ अशी. आर्मस्ट्राँगची वाजवण्याची ढब, त्याचा घोगरा आवाज, इतकेच काय, हातातला पांढरा रुमालदेखील त्यांनी उचलला होता. ताजमहाल हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद वाजत असे. अनुकरण उघड होते, आणि श्रोत्यांना तेच हवे होते.

६/
का हवे होते? १९३५ मध्ये लिऑन ॲबे यांचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद ताजमध्ये आला आणि मुंबईच्या श्रीमंत वर्गाला जॅझ समोर बसून ऐकायला मिळाला. पण असे पाहुणे येत आणि निघून जात. खुद्द आर्मस्ट्राँग हजारो मैल दूर होता. त्याची तबकडी ऐकता येई. त्याच्यापुढे नाचता येत नसे. ती उणीव चिक चॉकलेट भरून काढत. मूळ दुर्लभ असते तेव्हा हुबेहूब नकलेलाही मोल असते.

७/
आणि ते ‘मूळ’ तरी किती मूळ? १९२२ मध्ये आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लिन्स सोडून शिकागोला गेला तो किंग ऑलिव्हर या आपल्या गुरूच्या वाद्यवृंदात दुय्यम कॉर्नेट वाजवण्यासाठी. न्यू ऑर्लिन्सच्या ब्रास बँडची वाद्ये आणि रचना लष्करी बँडवरून आलेली. मुंबईच्या वरातीत वाजणारा बँडही ब्रिटिश लष्करी बँडचाच वंशज. पितळी वाद्यांच्या एकाच घराण्याच्या या दोन दूरच्या शाखा होत.

८/
चिक यांच्यासारखे वादक गोव्यातून इतक्या संख्येने का आले, यालाही इतिहास आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवली जात. बोलपट आले तेव्हा कागदावरची सुरावट वाचून वाजवणारे लोक स्टुडिओंना हवे होते. संगीतकाराने गुणगुणलेल्या चालीला वाद्यमेळाचे रूप देण्याचे काम पुष्कळदा या मंडळींनी केले.

९/
येथे नकलेचे रूप पालटते. ताजमध्ये चिक चॉकलेट यांना आर्मस्ट्राँगसारखे वाजवायचे होते. ‘अलबेला’साठी त्यांना चितळकरांच्या चालीसाठी, गीता बाली आणि भगवान यांच्या नाचासाठी आणि चार आण्यांच्या तिकिटावर पुढे बसलेल्या प्रेक्षकासाठी वाजवायचे होते. त्या प्रेक्षकाला आर्मस्ट्राँग कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. साम्य दाखवून त्याची दाद मिळणार नव्हती. त्याचे पाय हलले तरच वादन साधले.

१०/
आता बेंजोकडे. त्याचे नाव अमेरिकन बँजोवरून आले, पण वाद्य जपानी आहे. १९१२ मध्ये नागोया येथे गोरो मोरिता यांनी दोन तारांचे जपानी वाद्य आणि टंकलेखन यंत्राच्या कळा यांची सांगड घालून ‘ताइशोगोतो’ बनवले. एका हाताने तार छेडायची, दुसऱ्याने कळ दाबायची. शिकायला सोपे, किमतीला स्वस्त. ते भारतात आले आणि ‘बुलबुलतरंग’ झाले. मुंबईच्या गल्ल्यांत बेंजो झाले.

११/
हेच वाद्य बलुचिस्तानात पोहोचले तेव्हा तिथल्या कारागिरांनी त्याची लांबी वाढवली आणि त्यावर बलुच लोकधुना बसवल्या. तिथे ‘बेंजू’ आज परंपरेचे वाद्य मानले जाते. एकाच जपानी खेळण्यासारख्या वस्तूची दोन अपत्ये : एक मकरानात, एक मुंबईत. दोन्ही ठिकाणी उसने वाद्य तिथल्या लोकांच्या गरजेने घडत गेले.

१२/
बेंजोला चित्रपटगीताची खरी नक्कल करताच येत नाही. व्हायोलिनांचा ताफा, ट्रम्पेट, गायकाचा गळा हे सारे एका धातूच्या, किणकिणत्या सुरेल रेघेत कोंबावे लागते. शब्द तर नाहीतच. मग शब्द गर्दी पुरवते. वादक मुखडा छेडतो आणि मंडपातले लोक तो ओठांवर घेतात. वाद्याची ही उणीव श्रोत्याला वादनात ओढून घेते.

१३/
दुसरी गोष्ट वेळेची. जुन्या तबकडीवरचे गाणे तीन-साडेतीन मिनिटांत संपे. बेंजो पार्टी मुखडा हवा तितक्या वेळा घोळवते. आजी उठली तर लय उतरवते, पोरे पुढे सरसावली की चढवते आणि ढोल-ताशाच्या एका इशाऱ्यावर दुसऱ्याच गाण्यात शिरते. रचना दुसऱ्याची, पण त्या रात्रीचा क्रम आणि वेग यांचा मालक वादकच असतो.

१४/
आज मूळ गाणे प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. डीजे तेच ध्वनिमुद्रण हुबेहूब आणि कितीतरी मोठ्या आवाजात ऐकवतो. आनंद केवळ साम्यात असता, तर बेंजो पार्टीचे काम केव्हाच संपले असते. ताजच्या नाचघरात उपयोगी पडलेले साम्य इथे निरुपयोगी आहे. तरीही बेंजोला बोलावणे येते, ते समोरच्या माणसांकडे पाहून वाजवले जाते म्हणून. जी पार्टी तेवढेही करत नाही, ठरलेली गाणी ठरल्या क्रमाने उरकते, ती कंटाळवाणीच होते. तिच्यावरचा नकलेचा आक्षेप मग खराही ठरतो.

१५/
या हिशेबात एक नुकसानही मांडले पाहिजे. आगरी लग्नात धवलारीण धवळे गाते. परंपरेने लग्नविधी चालवण्याचा मान तिचा. तेराव्या शतकातल्या महदाइसेच्या रचनेचे नावही ‘धवळे’च, म्हणजे लग्नगीताच्या या प्रकाराचे नाव मराठीत सातशे वर्षांहून जुने आहे. बिनमाईकचा तो आवाज ध्वनिवर्धकावरच्या बेंजोपुढे टिकत नाही. बेंजो धवळ्यांची नक्कल करत नाही; तो त्यांची वेळ आणि जागा घेतो. जुने गाणे नकलेने मरत नाही, ते ऐकू येईनासे झाले की मरते.

१६/
तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर : होय, अनुकरण करणारा वाद्यवृंद तितकाच आनंद देऊ शकतो, मात्र त्याने कान मूळ कलाकाराकडे आणि डोळे समोरच्या श्रोत्यांकडे लावले पाहिजेत. ऑलिव्हरपासून आर्मस्ट्राँग, आर्मस्ट्राँगपासून चिक चॉकलेट, चिक यांच्या साथीने चितळकर, आणि त्यांच्यापासून शिरवण्याच्या मंडपातला बेंजोवाला, अशी ही वंशावळ आहे. तिच्यातल्या प्रत्येकाने कोणाचे तरी उचलले आणि आपल्या माणसांना नाचवले.

१७/
राहिली धवलारीण. तिची वंशावळ या सर्वांहून लांब आहे आणि तिच्याकडून उचलणारे कमी होत चालले आहेत. हळदीच्या रात्री बेंजोवाले चहासाठी थांबतात, तेवढ्या वेळात तिला गायला सांगणे कोणत्याही घराला अशक्य नाही.

(समाप्त)